पोपटानं उष्टावलेला पेरू

डॉक्टरांनी गुंजनला स्पष्ट सांगितलं होतं: मायाचे कान उत्तम आहेत, समजही उत्तम आहे, फक्त घरातला टीव्ही बंद करा आणि तुम्ही माणसं तिच्याशी बोला. गुंजनची ही लेक तीन वर्षांची झाली तरी ‘पाणी’, ‘नको’ अशा सुट्या शब्दांपुढे जात नव्हती. सोसायटीतली तिच्याएवढी पोरं एव्हाना आयांना उलट उत्तरं देत होती. गुंजनला त्या आयांचासुद्धा हेवा वाटे.

पण प्रताप नगरातल्या त्या घरात टीव्ही बंद करणं म्हणजे देवापुढचा दिवा विझवण्यासारखं होतं. संध्याकाळी सासूबाईंची, म्हणजे कुसुमताईंची मालिका. तिच्यातली सून कित्येक महिने विषाचा पेला हातात धरून उभी होती आणि कुसुमताई तिच्यासाठी रोज पदर भिजवत. ती संपली की सासरे भैयाजी बातम्यांमधली भांडणं लावत.

“टीव्हीनं बोलणं बंद पडत असतं,” भैयाजी म्हणाले, “तर हे पुढारी इतकं काहून बोलून राहिले असते?”

नवरा ऋषिकेश म्हणाला, “मीपण उशिराच बोललो होतो.”

अजून तरी कुठे कामाचं बोलतोस, हे गुंजनच्या अगदी ओठांवर आलं होतं.

शेवटी तिनं सेट-टॉप बॉक्सची वायर काढली आणि तांदळाच्या डब्यात खोल पुरली. घरात सुतक पडलं. दोन-तीन दिवस अबोला धरून कुसुमताईंनी आपला इलाज काढला. सक्करदऱ्याला राहणाऱ्या मैत्रिणीच्या, यमुताईंच्या अंगणातून त्या पोपटानं टोचलेला पेरू घेऊन आल्या. पोपटाचं उष्टं खाल्लं की पोर बोलायला लागते, हे त्यांच्या माहेरी सगळ्यांना ठाऊक.

“आई, ती चोच कुठे कुठे गेली असेल!”

“देवाचा पक्षी हाय वं थो.”

“देवाचा असला म्हणून काय चोच धुऊन खातो?”

गुंजननं पेरू खसखसून धुतला, टोचलेला भाग कापून टाकला आणि उरलेल्या फोडी मायापुढे ठेवल्या. कुसुमताई भडकल्या.

“चोचच कापली तं मंग उरलं काय? पेरू! थो तं मले चौकातबी भेटत होता!”

“विषाचा पेला धरणारी सून चालते तुम्हाला, पेरू धुणारी चालत नाही?”

“तिचं नाव नको काढू! ती सासूले उलटून बोलत नाही.”

“बोलेल कशी? तोंडावर कॅमेरा फिरवण्यातच एपिसोड संपतो!”

“या मालिकावाल्यांनी अन् पिक्चरवाल्यांनीच देश बुडवला,” भैयाजींनी हात आपटला. “पहिले व्हिलन व्हिलनसारखा दिसे. आता थोच हिरो, अन् मंग थोच निवडणुकीले उभा!”

“तुम्हीच मत दिलं होतं त्याले!” कुसुमताई.

“बाबा, आई, डॉक्टर म्हणाले होते तिच्याशी बोला, तिच्या डोक्यावरून नाही!” गुंजनचा आवाज चिरकला. “या घरात एक माणूस तरी—”

थाळीवर चमचा दणकन आदळला. खुर्चीवर गुडघे टेकून उभी राहिलेली माया लालबुंद झाली होती.

“मले बोलू द्या!”

भैयाजींचा पुन्हा उचललेला हात हवेतच राहिला.

“पाह्यलं?” कुसुमताई कुजबुजल्या. “पेरू.”

“पेरू कसला? हे तं माझ्या बातम्यांच्या चर्चेतलं हाय,” भैयाजी म्हणाले. “रोज म्हणतात तिथं.”

गुंजननं दोघांकडे असं पाहिलं की दोघंही वरमले. मग ती खुर्चीशी खाली बसली.

“बोल माया. कोणी मधे बोलणार नाही.”

मायानं काळ्या पडद्याकडे बोट दाखवलं. “टीव्ही लाव.”

भैयाजी खोकल्यात हसले. गुंजनला रडावं की ओरडावं कळेना. तांदळातली वायर काढून द्यावी, असंही क्षणभर वाटलं. पण बोलणं तिथंच संपलं असतं.

“काहून लावायचा? ते सांग आधी.”

मायानं बराच विचार केला.

“आजीले रडाचं हाय.”

“हे पोरगी!” म्हणत कुसुमताईंनी पदर डोळ्यांना लावला. टीव्ही बंदच होता.