हवेचा काटा

मित्रांनो, टायरला काटा लागला की पंक्चर होतं, हे तुम्हाला ठाऊकच आहे. पण टायरचं भलं करणारा एक काटाही असतो, आणि तो म्हणजे मी. मी हवा मोजायचा जुना पितळी काटा आहे. दुकानात मला प्रेशर गेज म्हणतात. आमच्या खारघरच्या घरात मात्र मला नुसतं 'काटा' म्हणतात, आणि खरं सांगू, मला तेच आवडतं.

वाटीच्या तळाएवढी माझी तबकडी. तिच्यावर शून्यापासून साठपर्यंत आकडे आणि मधे एक काळी सुई. खाली रबरी नळी आणि नळीच्या टोकाला तोंड. ते तोंड टायरच्या वॉल्व्हवर घट्ट बसलं की सुई टुणकन उडी मारते आणि आकडा दाखवते. माझ्या बाजूला एक बटण आहे. ते दाबलं की टायरमधली जादा हवा फुस्स करून बाहेर पडते. बस्स, एवढंच माझं काम. पण त्यात मी कधी खोटं बोललो नाही, याचा मला अभिमान आहे. थोडा जास्तच आहे म्हणा ना.

माझा जन्म तुर्भ्याच्या एमआयडीसीतल्या एका लहानशा कारखान्यात झाला. तिथून मी वाशीच्या एका दुकानात आलो आणि काचेच्या कपाटात धूळ खात पडलो. एके दिवशी नंदकिशोर नावाचे गृहस्थ आले. न्हावा शेवा बंदरात क्रेनची देखभाल करणारे ते इंजिनीअर. त्यांनी मला विकत घेण्याआधी दुकानाबाहेर उभ्या असलेल्या सगळ्या गाड्यांवर लावून पाहिलं. दुकानदार वैतागून म्हणाला, "साहेब, काटा घेताय की जावई बघताय?" नंदकिशोर हसले आणि मला खिशात घालून घरी घेऊन आले.

ते मला कशासाठी घेऊन आले, ते ऐका. त्यांच्या पत्नी जयमाला त्याच बंदरात कस्टमचं काम पाहायच्या. त्यांना वेगाची भारी हौस! "आयुष्यभर लोकांचे कंटेनर सोडवले, आता एक गाडी माझ्यासाठी सोडवते," असं म्हणत त्यांनी एक जुनी स्पोर्ट्स कार घेतली. पिवळीजर्द, बसकी, रुंद टायरांची आणि चारशे घोड्यांच्या ताकदीची. ती पार्किंगमध्ये सुरू झाली की सोसायटीचे सेक्रेटरी चहा अर्धवट सोडून गॅलरीत यायचे. पण पाम बीच रोडवर ती कधी उधळली नाही बरं का. "रस्ता सगळ्यांचा आहे. पळवायची तर ट्रॅकवर," हा नंदकिशोरांचा नियम होता, आणि जयमालाबाईंनी तो कधी मोडला नाही.

ट्रॅक होता घाट चढून गेल्यावर, माळावर. पहिल्यांदा नंदकिशोर स्वतः चालवायला बसले. दुसऱ्याच वळणावर त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. गाडी थांबवून ते म्हणाले, "जया, तू चालव. हवा माझ्याकडे." त्या दिवसापासून स्टिअरिंग जयमालाबाईंचं आणि मी नंदकिशोरांचा, अशी वाटणी झाली.

आता तुम्ही म्हणाल, हवेत एवढं काय आहे? एकदा भरली की झालं! अहो, तिथेच तर सगळी गंमत आहे. ट्रॅकवर गाडी सुसाट पळते, वळणांवर टायर रगडला जातो. रगडला की तापतो, आणि तापला की आतली हवा फुगते. सकाळी थंड टायरमध्ये अठ्ठावीस असेल, तर चार फेऱ्यांनंतर छत्तीसही होते. मग टायर फुगून टणक होतो, रस्ता धरत नाही, आणि गाडी ओल्या फरशीवरून घसरावी तशी घसरते. हवा फार कमी झाली तर त्याहून वाईट. टायर वळणावर मुडपतो, आणि रिमवरून सुटूही शकतो. आमच्या पिवळीला गरम असताना तेहतीस मानवायचे. म्हणून चार फेऱ्या झाल्या की आत यायचं, मोजायचं, जादा हवा सोडायची आणि पुन्हा निघायचं. त्यातही ट्रॅक सगळा उजव्या वळणांचा, त्यामुळे डावीकडचं पुढचं चाक सगळ्यात जास्त तापायचं. ते चाक म्हणजे आमचं लाडावलेलं कार्टं.

काय दिवस होते ते! गाडी गुरगुरत आत यायची. जयमालाबाई हेल्मेट काढायच्या नाहीत, काचही पुरती खाली करायच्या नाहीत. नंदकिशोर गुडघ्यावर बसून चारही चाकं मोजायचे. फुस्स, फुस्स, बस. मग उठून खिडकीसमोर हात धरायचे आणि तीन बोटं दाखवायचे. तीन बोटं म्हणजे तेहतीस. त्या मान हलवायच्या आणि गाडी सुटायची. एक शब्द बोलावा लागत नसे.

कधी जयमालाबाईंनी तरण्या पोरांना मागे टाकलं, की ट्रॅक सांभाळणारा तेजस ओरडायचा, "काकू, एक नंबर! सिक्रेट काय हाय, सांगा ना!" त्या म्हणायच्या, "आमच्याकडे हवा ह्यांच्या हातात असते." लगेच नंदकिशोर म्हणायचे, "टायरची फक्त. हिच्या डोक्यात गेलेली काढता येत नाही." सगळे हसायचे. मी त्यांच्या खिशात असायचो, पण मान ताठ व्हायची माझी.

नंदकिशोर निवृत्त झाले. दिवस मजेत चालले होते. मग एका गणपतीच्या सुमारास, खाली पार्किंगमध्ये, काहीतरी बिनसलं. माझं तोंड वॉल्व्हवर बसेना. हवा बाजूने निसटायला लागली, सुई नाचायला लागली. मित्रांनो, नंदकिशोरांचा उजवा हात थरथरत होता. हे सगळ्यांत आधी मला कळलं, कारण मी त्या हातात होतो. ते इकडेतिकडे बघून पटकन उठले. हात खिशात घातला आणि वर जाऊन म्हणाले, "काटा म्हातारा झालाय. नवीन घेतो."

मी? म्हातारा? इतका राग आला होता ना मला! पण सुईला आकडा दाखवता येतो, बोलता येत नाही. दुसऱ्या दिवशी घरात एक डिजिटल मीटर आलं. चकचकीत, दिव्याचं, बटणागणिक टुकटुक करणारं. मला स्वयंपाकघरातल्या खणात टाकलं. तिथे मेणबत्त्या, रबरबँड, संपलेले सेल आणि जुन्या लग्नपत्रिका यांच्या सोबतीला मी पडून राहिलो. वर कुकरच्या शिट्ट्या ऐकायच्या आणि आपल्या फुस्सची आठवण काढायची. हिवाळा लागला तेव्हा एका पहाटे खण उघडला. थरथरत्या हातात त्या दिव्याच्या मीटरचेही आकडे नाचत होते. नंदकिशोरांनी मला हळूच खिशात टाकलं. माफी वगैरे काही मागितली नाही, पण माझी तबकडी रुमालाने पुसली.

त्या दिवशी ट्रॅकवर थंडी होती. नंदकिशोरांना थंडीचं निमित्त मिळालं, दोन्ही हात खिशात. चार फेऱ्या मारून पिवळी आत आली. तीन चाकं कशीबशी जमली. मग आलं ते डावीकडचं पुढचं, छत्तीसवर गेलेलं. नंदकिशोरांनी माझं तोंड लावलं, ते निसटलं. पुन्हा लावलं, पुन्हा निसटलं. शेवटी बसलं, तर अंगठा बटणावर रुतला आणि थरथरत तिथेच राहिला. हवा सुटतच होती. मी तीस दाखवले, अठ्ठावीस दाखवले, पंचवीस दाखवले. माझी सुई ओरडत होती म्हणा ना. पण हात हलत असला की आकडा वाचता येत नाही. मागे दोन गाड्या खोळंबल्या होत्या. तेजस म्हणाला, "काका, मी करू का?" नंदकिशोरांच्या कपाळावर त्या थंडीत घाम आला. "नको, झालं," म्हणत ते उठले. डावा हात खिडकीसमोर धरला आणि तीन बोटं दाखवली.

मोजलं नव्हतं हो! दरवेळी जो आकडा यायचा तोच त्यांनी दाखवला. जयमालाबाईंनी नेहमीसारखी मान हलवली. त्या बोटांवर त्यांनी इतकी वर्षं डोळे मिटून विश्वास ठेवला होता. गाडी सुटली. मी खिशात होतो आणि माझ्याच अंगावर काटा आला.

लांबच्या उजव्या वळणावर टायर मुडपला. पिवळी गर्रकन फिरली, ट्रॅकबाहेरच्या मुरमात गेली आणि धुळीत दिसेनाशी झाली. नंदकिशोर धावले. साठीच्या वर वय असलेला तो माणूस चपला कुठे पडल्या हेही न बघता धावला. धूळ खाली बसली तेव्हा दार उघडलं आणि जयमालाबाई हेल्मेट काढत बाहेर आल्या. त्यांना खरचटलंसुद्धा नव्हतं. देवाचीच कृपा.

त्यांनी वाकून टायर पाहिला. मग नंदकिशोरांच्या खिशात हात घालून मला काढलं आणि वॉल्व्हवर लावलं. मी खरं तेच दाखवलं, बावीस.

"हात दाखवा," त्या म्हणाल्या.

"मातीचा आहे."

"दाखवा म्हटलं ना."

नंदकिशोरांनी उजवा हात पुढे केला. तो वाळायला टाकलेल्या कपड्यासारखा हलत होता. जयमालाबाईंनी तो आपल्या दोन्ही हातांत धरला.

"कधीपासून?"

"गणपतीपासून."

"आणि मला सांगितलं नाहीत? मला काही झालं असतं तर?"

नंदकिशोरांचे डोळे भरून आले. "सांगितलं असतं, तर तू मला घरी बसवलं असतंस. मग मी इथे कशाला आलो असतो? चालवायला तू आहेस. मला हेच एक काम होतं गं."

"अहो, वेडे आहात का तुम्ही?" जयमालाबाईंनी तो हात आणखी घट्ट धरला. "तुम्ही नसता तर मी तरी कुणासाठी पळवते गाडी? चार फेऱ्या झाल्या की तुमचं तोंड दिसेल, म्हणून तर आत येते मी!"

तेजस तिथवर आला होता. तो मुकाट्याने मागे वळला आणि गाडी ओढायचा दोर आणायला गेला.

मित्रांनो, वाशीच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. थरथर कमी झाली, पण गेली नाही. आम्ही अजून ट्रॅकवर जातो. पण आता जयमालाबाई गाडीतून उतरतात, "आई गं" म्हणत गुडघ्यावर बसतात आणि मला स्वतः लावतात. नंदकिशोर शेजारी उभे राहून माझी सुई बघतात. "सोड... सोड... अगं, किती घाई! बस." मग त्या आत जाऊन बसतात, आणि हे खिडकीसमोर हात धरून तीन बोटं दाखवतात. उजव्या हाताची. बोटं हलतात, पण ती तीनच आहेत हे जयमालाबाईंना बरोबर कळतं.

मी आता खणात नसतो. दाराजवळच्या खिळ्यावर, किल्ल्यांच्या शेजारी असतो. तिथून मला घरातलं सगळं ऐकू येतं. म्हणून एक विनवणी करतो, ऐकाल ना? तुमच्या सायकलची हवा मोजल्याशिवाय 'ठीक आहे' म्हणू नका. आणि घरातल्या माणसांनाही विचारल्याशिवाय 'ठीक आहेत' म्हणू नका. टायर थंड असताना मोजला तर खरा आकडा मिळतो. माणसालाही तसंच, सकाळी, निवांत, जवळ बसून विचारावं लागतं.

आमच्याकडे रोज विचारतात. जयमालाबाई चहाचा कप पुढे करून म्हणतात, "आज किती?"

पूर्वी नंदकिशोर न बघताच तेहतीस म्हणाले असते. आता ते आपला हात समोर धरतात, नीट बघतात आणि खरं ते सांगतात. परवा म्हणाले, "आज बावीस."

"मग आज घरीच," असं म्हणून जयमालाबाईंनी गाडीची किल्ली पुन्हा माझ्या शेजारी अडकवली, आणि कप त्यांच्या हातात न देता स्वतःच धरून ठेवला.