बास आला का

प्रत्येक गाणं संपलं की बाबा मागे वळून विचारायचे, "माहा बास आला का?"

"आला. आता बास करा," असं आई पहिल्या रांगेतून म्हणायची आणि मंडप हसायचा. बाबांना कौतुक हवं असतं, असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो.

चिखल्याच्या खाण कामगारांच्या वसाहतीत बाबांचं भीमगीतांचं पथक होतं. गायला सत्यवतीमावशी, कीबोर्डवर जीवनकाका आणि बास गिटारवर बाबा. 'संघपालचा बास रडते,' ही त्यांची ख्याती होती. लांबवलेल्या सुराच्या शेवटी एक थरथर यायची आणि बायका पदर डोळ्यांना लावायच्या.

बाबा हिवाळ्यात गेले. जयंतीच्या कार्यक्रमासाठी मी साकोलीहून आले ती त्यांच्या जागी वाजवायचं ठरवूनच. लहानपणी त्यांनीच मला शिकवलं होतं. तालीम मात्र वाईट झाली. कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी जीवनकाका घरी आले.

"बाई, ते गितार भिंतीले टांगून दे. हार घालू त्याले. बास मी डाव्या हातानं काढतो कीबोर्डवर."

"काहून काका? चुकली का मी कुठं?"

"तू नाही चुकली. पण तुह्या बापाच्या हातात ते रडे. तुह्या हातात नुसतं बिघडल्यावानी वाटते. सत्यवतीचा सूर हलून राहिला त्याच्यानं."

"मंडपात दिवे लागेपर्यंत थांबा. तोवर नाही जमलं तर टांगते."

काका गेले. मी गिटार मांडीवर घेतली. तारा नव्याच होत्या. सूर जुळवायचं यंत्र लावलं तर जाड तारेवर काटा एका जागी ठरेना. एका सुराच्या पोटात दुसरा, किंचित खोटा सूर होता. गिटारच्या मानेच्या टोकाशी तार दाबून वाजवलं तर कमी, बोट जसजसं खाली पोटाकडे सरकवावं तसतसा जास्त. म्हणजे तार पिकअपच्या जितकी जवळ, तितकी थरथर मोठी.

पिकअप म्हणजे तारांखालची काळी पट्टी. तिच्यात लोहचुंबकं असतात, ती तारेचं कंपन पकडतात. पट्टी वर आणली की आवाज मोठा होतो. फार वर आणली की चुंबक तारेलाच ओढू लागतं आणि तार मोकळी हलत नाही. मी वाकून पाहिलं. जाड तारेखाली नखही जाईना.

बाबांचा बास रडत नव्हता. तो ओढला जात होता.

पट्टी दोन स्क्रूंवर बसते. खाली स्प्रिंग असतात, त्यामुळे स्क्रू आवळला की पट्टी खाली जाते, सैल केला की वर येते. आणि हे स्क्रू जवळजवळ सुटायला आले होते. मग पट्टीच्या कडेवर मला एक रेघ दिसली. रेघेच्या वर घामाचा नि धुळीचा जुना थर, खाली कोरं, चकचकीत प्लास्टिक. ही पट्टी कधीकाळी त्या रेघेपर्यंत लाकडात बसलेली होती. कितीतरी वर्षं. नंतर ती हळूहळू वर चढवत नेली होती.

का, ते कळायला वेळ लागला नाही. आयुष्यभर ते स्पीकरला खेटून उभे राहिले होते. ऐकू येईनासं झालं तसे ते पट्टी वर आणत गेले, आणि गाणं संपलं की विचारत गेले. ते कौतुक मागत नव्हते. त्यांना खरंच माहीत नव्हतं.

स्क्रू ड्रायव्हर हातात धरून मी बराच वेळ बसले. त्या स्क्रूंना शेवटचा हात त्यांचा लागला होता. लोकांना तर ती थरथरच हवी होती. पण आज जयंती होती, आणि ऐकू येत असताना बाबांनी निवडलेली उंची माझ्यासमोर रेघ होऊन उभी होती. मी आवळायला सुरुवात केली. थोडं या टोकाला, थोडं त्या टोकाला. मध्येमध्ये तार छेडून पाहिली. रेघ लाकडाला टेकली तेव्हा काटा ठरला.

मंडपात जीवनकाकांनी मला गिटार घेऊन येताना पाहिलं. डावा हात मात्र त्यांनी कीबोर्डच्या खालच्या पट्ट्यांवर तयार ठेवला.

मावशीनं पहिली ओळ उचलली आणि मी जाड तार छेडली. सूर सरळ निघाला. स्टेजच्या फळ्यांतून पायात चढला, समोरच्या पत्र्याच्या शेडपर्यंत गेला आणि तिथंही सरळच राहिला. मावशीनं मान वळवून पाहिलं आणि पुढची ओळ तिनं नेहमीपेक्षा वरच्या सुरात घेतली. मागचे लोक उठून उभे राहिले. दुसऱ्या कडव्याला काकांनी डावा हात उचलला आणि खिशात घातला.

गाणं संपल्यावर मावशी माइक बाजूला धरून म्हणाली, "संघपालचा बास रडे, पोरी. आज तो ताठ उभा राह्यला."

मी मागे वळले. "काका, बास आला का?"

"आला ना बाई. माह्या डाव्या हाताले काही कामच ठेवलं नाही तुनं."

पहिल्या रांगेतून आईचा आवाज आला, "मग आता बास करू नको. दुसरं घे."