बाबांची सीट

गाड्यांच्या सीट शिवणाऱ्या सीटमास्तरला गाडी बघायची गरज नसायची. तिची सीट तेवढी समोर आणून टाकायची, की हा पठ्ठ्या तिच्यावर बसणाऱ्याची अख्खी हकिगत सांगून मोकळा. उजवी कड फाटली म्हणजे माणूस अंगाने भरलेला आणि उतरायची घाई करणारा. उजवीकडे खड्डा म्हणजे मागच्या खिशात फुगलेलं पाकीट. गिऱ्हाइकं तोंडात बोट घालायची आणि याची कॉलर ताठ व्हायची. तर असा हा माणूस स्वतःच्या बापाची सीट घेऊन बसला आणि सपशेल तोंडावर आपटला.

बापाचा होता ट्रॅक्टर. शेतातला नव्हे हं. घरामागच्या हिरवळीवर फिरवायचा, बुटकासा, पोटाखाली गवत कापायची पाती असलेला, मास्तरच्या जन्माआधीचा. त्याला हात लावायची घरात कोणाची टाप नव्हती. बाबांचा ट्रॅक्टर, बाबांची सीट. आई तर उघड म्हणायची, "मला नको बाई ते धूड."

मास्तर लग्नानंतर वेगळा राहायला गेला होता. मागच्या खेपेला आईबाबांकडे आला तेव्हा त्याने पुन्हा तेच टुमणं लावलं, की या वयात दोघांनीच एवढ्या मोठ्या घरात राहायचं म्हणजे काय. बाबांनी हिरवळीकडे हात केला. "हे कोण कापतं? शेजारी येतो का?" हिरवळ खरंच न्हाव्याने कापल्यासारखी होती.

"मग ठरलं," मास्तर म्हणाला. "ज्या दिवशी तुम्हाला हा ट्रॅक्टर चालवता येणार नाही, त्या दिवशी घर विकायचं आणि दोघांनी आमच्याकडे यायचं. तोवर मी चकार शब्द काढणार नाही."

"ठरलं," बाबा म्हणाले. आई शेंगा सोलत होती. तिने मान वर केली नाही.

मग बाबा त्याला फाटकापर्यंत सोडायला निघाले, आईचा कोपर धरून. हल्ली ते तिचा कोपर सोडतच नसत. "म्हातारपणी प्रेम नुसतं उतू चाललंय," मास्तर चिडवायचा, आणि आई "गप रे" म्हणायची. जाता जाता त्याचं लक्ष ट्रॅक्टरच्या सीटकडे गेलं. पुढून रेक्झिनच्या चिंध्या झालेल्या, आतला फोम पिवळा पडून भुगा होत आलेला. त्याला लाजच वाटली. जगाच्या सीट शिवतो आणि बापाच्या बुडाखाली हे. त्याने पाना काढला, सीट सोडवली आणि गाडीत टाकली.

दुकानात टेबलावर ठेवून तो जुनं रेक्झिन सोलायला लागला आणि त्याचा हात थांबला. मागचा अर्धा भाग कोराच्या कोरा होता. पाठीला टेकायची गादी तर नुसती उन्हाने तडकलेली, कुणी टेकल्याची खूण नाही. झिजली होती ती फक्त पुढची कड, आतलं कापड दिसेपर्यंत. गिऱ्हाइकाची सीट असती तर तो ठोकून बोलला असता, की बसणारं माणूस लहानखुरं आहे, पाय पोचत नाहीत म्हणून टोकावर बसतं. पण बाबा चांगले धिप्पाड. दारातून वाकून यायचे. बाबांची कंबर गेली, त्यांना मागे टेकवत नाही आणि ते कोणाला सांगत नाहीत, असं त्याने ठरवून टाकलं. आपल्या विद्येवर भरवसा ठेवायचा सोडून हा बापाच्या कंबरेची काळजी करत बसला.

आणि मग त्याने जीव ओतला. पत्रा घासून गंज काढला, रंग दिला. खाली कडक फोम, वर मऊ फोम. कंबरेला आधार मिळावा म्हणून पाठीची गादी जाड केली. काळं रेक्झिन गरम हवेने मऊ करून ताणलं, एक सुरकुती म्हणून ठेवली नाही. कडेने शिवणीवर पांढरी गोल पट्टी, पायपिंग.

सीट घेऊन तो घरी आला आणि ट्रॅक्टरवर बसवायला लागला. खालच्या पट्टीला पुढे-मागे भोकं होती. सीट आजवर पुढच्या भोकात होती, हे त्याने पाहिलं, आणि बाबांचे लांब पाय आठवून ती पार मागे नेऊन बोल्ट आवळले.

"थोडी पुढे नाही का घेता येणार?" आई म्हणाली.

"आई, तुला त्यातलं काय कळतं? बाबांना पाय पसरायला नको का?"

बाबा आले, वर चढले आणि पायपिंगवरून तळवा फिरवत राहिले. "शिलाई सुरेख आहे," ते म्हणाले. मास्तरला गहिवरून आलं.

"चालवून दाखवा ना."

"अहो, राहू द्या," आई घाईने म्हणाली. "इंजिन गार आहे."

"अगं, पोराने एवढं केलंय." बाबांनी किल्ली फिरवली.

ट्रॅक्टर सरळ निघाला. मास्तर डावीकडून सोबत चालत होता, इंजिनाच्या आवाजावर ओरडून फोमचं कौतुक सांगत होता. एकाएकी बाबांनी स्टिअरिंग डावीकडे वळवलं, थेट त्याच्या अंगावर. थट्टा करतायत असं वाटून तो हसला. पुढचं चाक त्याच्या बुटावर चढलं आणि तो उताणा पडला. बाबांची नजर समोर होती, चेहरा शांत, आणि ट्रॅक्टर येतच होता.

उजवीकडून आई चढली. कशी चढली, देव जाणे. एक पाय बाबांच्या पायावरून घालून तिने ब्रेक दाबला, हाताने किल्ली बंद केली, आणि यातलं काही करताना तिने खाली पाहिलंसुद्धा नाही. चाक मास्तरच्या गुडघ्याला टेकून थांबलं. पाती चालू केली नव्हती म्हणून बरं.

"कशावर चढलं गं?" बाबांनी विचारलं.

मास्तर त्यांच्यापासून हातभर अंतरावर पडला होता. बाबांनी सावकाश मान वळवत आणली आणि तो नजरेत आला तेव्हा त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"काचबिंदू," आई म्हणाली. "समोरचं दिसतं, नळीतून बघावं तेवढं. कडेचं सगळं गेलं. थेंब घालते रोज, पण गेलेलं परत येत नाही म्हणतात."

मास्तर आईच्या पायाकडे बघत होता. आखूड पाय, अजून ब्रेकवर ताणलेला. ती सीटच्या पुढच्या कडेला टेकून उभी होती, जुनी सीट झिजली होती नेमकी त्या जागी.

"गवत तू कापतेस," तो म्हणाला. "कधीपासून?"

"तू इथे राहत होतास तेव्हापासून. तू दुकानात गेलास की मी बसायचे. तू यायच्या वेळेला हे बसलेले असायचे."

म्हणजे कित्येक संध्याकाळी तो फाटकातून आत यायचा, गरम इंजिनावर बसलेल्या बाबांना हात करायचा आणि जेवायला जायचा. एका छपराखाली. लोकांच्या सीट वाचणारा. त्याला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

"मला का नाही सांगितलंत?"

"आधी यांनी शपथ घातली," आई म्हणाली. "मग तू अट घातलीस."

"ठरलं म्हणजे ठरलं," बाबा म्हणाले. त्यांनी स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले. "मी शब्द फिरवणार नाही. घर विकून टाक."

मास्तर उठला, लंगडत गेला आणि पाना घेऊन आला. "उतरा बाबा."

"आत्ताच सोडवून नेतोस?" आईने विचारलं. त्याने बोल्ट ढिले केले, सीट ढकलत पार पुढच्या भोकात आणली आणि पुन्हा आवळली.

"बस," तो आईला म्हणाला. ती बसली, सवयीने टोकावर. "मागे सरक. पाठ टेकव." ती चाचपडत मागे सरकली, जाड गादीला टेकली. "पाय पोचतो?"

"पोचतो रे."

"मी 'तुम्हाला' म्हटलं होतं, त्यात दोघं आलात," मास्तर म्हणाला. "आईला चालवता येणार नाही तेव्हा बघू."

आईने किल्लीला हात घातला, मग थांबली. "अहो, बाजूला व्हा ना."

बाबा हिरवळीवर जिथल्या तिथे उभे राहिले. "कुठल्या बाजूला?" त्यांनी विचारलं.

मास्तर त्यांच्याजवळ गेला आणि त्याने आपला कोपर त्यांच्या हाताला लावला.