नव्याचे चाळीस दिवस

मी एक जुनी, उघडीबोडकी टाकी आहे. माझ्यात वाळू नाही, शंख नाहीत, शोभेचा एक दगडसुद्धा नाही. तळाशी प्लास्टिकच्या पाइपाचे चार तुकडे, कोपऱ्यात बुडबुडे सोडणारा स्पंज आणि पाणी कोमट ठेवणारी एक कांडी, एवढाच माझा संसार. मित्रांनो, मला पाहायला कधी कुणी आलं नाही, आणि आलं असतं तर नाक मुरडून परत गेलं असतं. तरीही समुद्रातून या जागी आलेल्या प्रत्येक जिवाने पहिलं पाऊल माझ्याच घरात टाकलं आहे. माशाला पाऊल कुठलं, असं विचारून उगाच शहाणपणा करू नका.

दातांच्या एका दवाखान्याच्या मागच्या खोलीत मी उभी आहे. माझ्या उजव्या हाताला हवेचा कंप्रेसर आहे. तो मधूनच दचकून जागा होतो, धापा टाकतो आणि पुन्हा गप्प होतो. समोरच्या फळीवर पेशंटच्या दातांचे प्लास्टरचे साचे मांडलेले आहेत. शंभरेक जबडे असतील. ना ओठ, ना डोळे. त्यांतल्या काहींचे मालक आता या जगात नाहीत, पण त्यांचे दात एकोणीस वर्षं माझ्याकडे पाहून हसत आहेत. मला त्यांची कधीच सवय झाली नाही.

काच कापणाऱ्या एका कारागिराने मला जन्म दिला. त्याने पाच काचा सिलिकॉनने जोडल्या आणि दोन दिवस कुणाला हात लावू दिला नाही. माझ्या अंगाला तेव्हा व्हिनेगरसारखा आंबट वास येत होता. मग त्याने मला काठोकाठ भरून पाहिलं आणि म्हणाला, "दिसायला काही खास नाही, पण गळायची नाही." पुढे कित्येक वर्षं मी या एवढ्याच कौतुकावर दिवस काढले.

मला विकत घेतलं ते अप्पांनी. अप्पा म्हणजे दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंचे वडील. जमिनींची मोजणी करण्यात त्यांचं आयुष्य गेलं. अप्पांनी बांधावर मोजणीची साखळी टाकली की एकमेकांच्या उरावर बसलेले भाऊसुद्धा गप्प होत, असं ते स्वतःच सांगत. निवृत्त झाल्यावर त्यांनी लेकीच्या दवाखान्यात पेशंट बसतात त्या खोलीत खाऱ्या पाण्याची एक मोठी टाकी मांडली. निळसर दिवे, डोलणारे प्रवाळ, रंगीत मासे. दाढ ठणकत असलेली माणसंही तिच्यापुढे बसली की कण्हायची थांबत. वाहवा सगळी तिची. तिच्यात कोण जाणार आणि कोण नाही, हे मात्र माझ्याकडे ठरत असे.

नव्याचे नऊ दिवस, असं तुम्ही म्हणता. अप्पांकडे नव्याचे चाळीस दिवस असत. नवा मासा आला की आधी त्याला पाच मिनिटं गोड्या पाण्याची आंघोळ. ती पाहताना पहिल्यांदा माझ्या काचा शहारल्या होत्या. मासा चकचकीत दिसतो, अंगावर डाग नाही. मग त्याच्या खवल्यांवर, डोळ्यांवर काहीतरी पांढरं उमटू लागतं. अंग काचेसारखं पारदर्शक असल्यामुळे आधी न दिसलेले किडे गोड्या पाण्यात पांढरे पडतात आणि पापुद्र्यासारखे गळून खाली पडतात. गळून पडल्यावरही ते काही वेळ वळवळतात.

प्रवाळांची तऱ्हा आणखी वाईट. त्यांना अप्पा एका टबात तपकिरी औषधात बुडवत आणि रबरी पिचकारीने त्यांच्या फांद्यांत पाणी मारत. फुलासारख्या त्या सुंदर वस्तूतून चपटे किडे, नखाएवढा खेकडा, एकदा तर वीतभर लांब, केसाळ अळी बाहेर आली. ती बाहेर येतच राहिली. डॉक्टरीणबाई दोन पावलं मागे सरल्या होत्या. अप्पा म्हणाले, "दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं. आणि हिची अंडी औषधाला भीक घालत नाहीत बरं का. पुढच्या आठवड्यात पुन्हा बुडवायचं." एवढं झाल्यावर तो जीव माझ्याकडे येई आणि मोजणी सुरू होई. दररोज सकाळी अप्पा मेणाच्या खडूने माझ्या काचेवर एक रेघ ओढत. लपलेला रोग तेवढ्या दिवसांत वर येतोच, म्हणून चाळीस रेघा झाल्या की पाहुणा मोठ्या टाकीत.

माझी पहिली पाहुणी आजीबाई. ती नारिंगी अंगाची, पांढऱ्या पट्ट्यांची क्लाऊनफिश. ती आली तेव्हा अंगठ्याएवढी होती, पण नाव तेव्हापासून आजीबाईच, कारण ती सगळ्यांवर डोळे वटारत असे. चाळीस दिवस ती माझ्यात राहिली आणि मग एकोणीस वर्षं मोठ्या टाकीत. दुधाचे दात पाडायला आलेली मुलं पुढे आपली मुलं घेऊन येत आणि विचारत, "आजीबाई आहे का हो अजून?" अप्पांचा जीव होता तिच्यावर. तिला पाहिल्याशिवाय ते चहाही घेत नसत.

मग तो निळा मासा आला. देखणा, अगदी निरोगी. गोड्या पाण्यातही त्याच्यावरून काही पडलं नाही. पहिल्या सकाळी अप्पांनी रेघ ओढली. दुपारी पेशंट संपल्यावर ते पुन्हा आले, "अरेच्चा, आजची रेघ राहिलीच की," असं पुटपुटले आणि दुसरी ओढली. मला वाटलं, होतं असं कधी. पण दुसऱ्या दिवशीही तेच झालं. तिसऱ्या दिवशीही.

मित्रांनो, मी घाबरले. माझ्या तळाच्या काचेला मिठाच्या कणाहून बारीक असं काहीतरी येऊन चिकटत होतं. डोळ्यांना ते दिसत नव्हतं, पण मला ते जाणवत होतं. निळ्या माशाच्या कल्ल्यांत ते लपून होतं, तिथून गळून माझ्यावर पडत होतं आणि आपल्या वेळेची वाट पाहत होतं. मासा एकदा खाज सुटल्यासारखा पाइपाला अंग घासून गेला. पाठमोरे अप्पा तेव्हा खडू शोधत होते. मला तोंड असतं तर मी ओरडले असते. समोर शंभर तोंडं होती, पण त्यांच्यातूनही शब्द फुटत नव्हता.

तेविसाव्या दिवशी चाळीस रेघा पूर्ण झाल्या. अप्पांनी निळ्याला जाळीत उचललं आणि मोठ्या आनंदाने बाहेर नेलं.

आठवड्याभरात मोठ्या टाकीतल्या माशांवर मीठ भुरभुरल्यासारखे ठिपके आले. पाचांपैकी चार गेले. निळा गेला, आजीबाईचा जोडीदारही गेला. डॉक्टरीणबाई अपॉइंटमेंटची वही घेऊन माझ्यापुढे आल्या. त्यांनी रेघा मोजल्या. पुन्हा मोजल्या.

"अप्पा, मासा आणला त्या दिवशी मी एक रूट कॅनल पुढे ढकललं होतं. इथे लिहिलंय. तुम्ही त्याला सोडलंत तेव्हा तेवीसच दिवस झाले होते."

"चाळीस झाले होते. रेघा आहेत ना समोर? रेघा खोटं बोलतात का?"

"रेघा दोनदा पडल्यात, अप्पा."

"मोजायचं मला शिकवू नकोस!" अप्पा एवढ्या जोरात ओरडले की बाहेरचे पेशंट गप्प झाले. "मोजणी माझी आहे. माझीच राहील."

बाईंनी वही मिटली. मग पाठ वळवून डोळे पुसले. मासे मेले याचं दुःख त्यांना होतंच, पण त्या माशांसाठी रडत नव्हत्या, हे मला कळलं.

रोग प्रवाळांना होत नाही आणि त्या रोगावरचं तांब्याचं औषध प्रवाळांना मारतं. म्हणून आजीबाईला एकटीलाच माझ्याकडे आणलं आणि ते औषध माझ्या पाण्यात घातलं. ते माझ्या सांध्यांत मुरतं, असं अप्पाच पूर्वी सांगत. आता प्रवाळ माझ्याकडे पुन्हा कधी यायचे नाहीत. मला त्याचं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण आजीबाई जगली. महिन्याने औषध काढलं, पाणी बदललं. मोठी टाकी मात्र अडीच महिने माशांविना ठेवायची होती. मासाच नसला की रोगाला खायला मिळत नाही आणि तो उपाशी मरतो.

ते अडीच महिने फार विचित्र होते. बाहेर निळे दिवे जळत, प्रवाळ डोलत आणि आत कुणीच नसे. दाराच्या फटीतून मला दिसे, अप्पा ठरल्या वेळी तिथे उभे राहून रिकाम्या पाण्यात चिमूटभर खाणं सोडत. एका लहान मुलीला त्यांनी बोट दाखवून सांगितलं, "ती बघ आजीबाई. दगडाआडून बघतेय तुझ्याकडे." मुलगी बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "हो, बघतेय." तेव्हा आजीबाई माझ्याजवळ होती. माझ्या काचेतल्या आपल्याच सावलीकडे ती टक लावून बसली होती. एकदा अप्पाही असेच माझ्यासमोर वाकले, काचेत उमटलेल्या चेहऱ्याकडे बघत राहिले आणि हळूच म्हणाले, "कोण आहे आत?" कंप्रेसर दचकला, तसे ते मागे सरले आणि निघून गेले.

अखेर बाईंनी वहीत मोजलेले दिवस भरले. परवा नव्हे, आज बरोबर बारा दिवसांपूर्वीची गोष्ट. बाईंनी अप्पांना हात धरून आत आणलं. त्यांच्या चेहऱ्यावर कित्येक दिवसांनी हसू होतं. त्यांनी आजीबाईला जाळीने भांड्यात अलगद घेतलं. "चला अप्पा, तुमच्या हातांनी सोडा तिला."

अप्पांनी भांड्यात वाकून पाहिलं. त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"हा नवा मासा कुठून आणलास?"

"अप्पा, ही आजीबाई."

"आजीबाई बाहेर आहे. मी आत्ताच तिला खायला घातलं." अप्पांनी भांड्यावर हात आडवा धरला. "नवा जीव असा थेट सोडतात होय? घरादाराचं वाटोळं होतं अशाने. एवढं शिकवलं तुला, सगळं पाण्यात?"

बाई भांडं धरून उभ्या राहिल्या. चार पावलांवर मोठी टाकी होती. आजीबाई म्हातारी आहे, अजून चाळीस दिवस या उघड्या काचेत काढायला ती उरेल की नाही, हे त्यांना ठाऊक होतं. अप्पांचा हात बाजूला सारणं काही अवघड नव्हतं. त्यांनी तो सारला नाही. त्या परत वळल्या आणि त्यांनी आजीबाईला माझ्या पाण्यात सोडलं.

"किती दिवस ठेवू, अप्पा?"

"चाळीस."

अप्पांनी खिशातून खडू काढला. माझ्या काचेजवळ नेला. तो तिथेच थांबला. त्यांचा हात हवेत होता आणि ते माझ्याकडे, म्हणजे माझ्यातल्या त्या चेहऱ्याकडे पाहत होते. मग त्यांनी खडू लेकीच्या हातात दिला.

"तू मोज," ते म्हणाले. "माझं चुकतं हल्ली."

बाईंनी त्यांना जवळ घेतलं. एवढा मोठा मोजणीदार, पण त्या मिठीत तो लहान मुलाएवढा दिसत होता.

आज बारावा दिवस. आजीबाई थकली आहे, खाते कमी, पण अजून डोळे वटारते. ती बाहेर जाईल की माझ्यातच संपेल, मला माहीत नाही. मित्रांनो, मी साधी काच आहे, उपदेश करायचा माझा अधिकार नाही. एक मागणं मात्र आहे. तुमच्या घरात आयुष्यभर मोजणारं कुणी असेल आणि त्याचा आकडा चुकू लागला, तर त्याला खोटं पाडायला धावू नका. त्याच्या शेजारी उभं राहा आणि आपणही मोजायला लागा. लवकर लागा. मला सगळं दिसत होतं आणि मला हाक मारता येत नव्हती. तुम्हाला येते.