आठवा प्रकार

आई मंगळवारी सकाळी गेली आणि दुपारपर्यंत ती प्लास्टिकची झाली. आधी पावलं, मग हात, शेवटी चेहरा. पातळ, पारदर्शक, किंचित निळसर. मी तिची घडी करून कापडी पिशवीत ठेवली आणि स्मशानात गेले.

तिथल्या माणसाने पिशवीत डोकावून पाहिलं.

"प्लास्टिक जाळायला बंदी आहे, ताई. हवा खराब होते. हरित केंद्रातून माणूस असल्याचा दाखला आणा, मग लाकडं रचतो."

हरित केंद्र मला माहीत होतं. जुन्या कचरा डेपोच्या जागी ते उभं राहिलं. त्या डेपोवर आईने एकतीस वर्षं कचरा वेचला आणि मला शिकवलं. पुढे केंद्राचं धोरण ठरवणाऱ्या समितीत मी कारकून झाले. कचऱ्याच्या सात प्रकारांची यादी मीच टाइप केली. 'कोणालाही मागे ठेवले जाणार नाही' हे वाक्यही मीच. मसुदा वाचून दाखवला तेव्हा भाकरी थापता थापता आईने विचारलं होतं, "आन् आमी कितव्या पानावर?"

"पुढच्या मसुद्यात," मी म्हणाले होते.

पुढचा मसुदा निघालाच नाही. केंद्राला फाटक बसलं, आत यंत्रं आली. कचरा वेचणाऱ्या बायका रोज येऊन फाटकाबाहेर बसू लागल्या. आईसुद्धा, सोमवारपर्यंत.

केंद्रात पर्यवेक्षक कुलथे यांनी आईला यंत्राच्या सरकत्या पट्ट्यावर उलगडून ठेवलं. यंत्राने तिला सात वेळा पुढे नेलं, सात वेळा परत आणलं.

"कशातच बसत नाहीत," ते हळहळून म्हणाले. भला माणूस आहे. "न बसणारं सगळं इंधनात जातं. पाच वाजता गठ्ठे बांधतात, मग सिमेंटची भट्टी."

"ती माझी आई आहे. तिला एकटीला जाळायचंय. नावाने."

"बरोबर आहे. पण आत आलेली वस्तू वर्गवारीशिवाय बाहेर सोडता येत नाही. कलम नऊ. तुम्हीच टाइप केलंय."

"मग आठवा प्रकार घाला."

"घालू की, दाखलाही देऊ. ओळख पटवणारं जाणकार कोणी हवं."

"जाणकार बाहेर बसल्यात."

"त्यांना आत घेता येत नाही. बाहेरून सांगितलं तर चालेल, तेवढी तरतूद आहे. तुम्ही आईंचं नाव मात्र उच्चारायचं नाही. उच्चारलंत तर ओळख बाद."

त्या बायका प्लास्टिक बघून ओळखत नाहीत. चुरगळतात आणि आवाज ऐकतात. दुधाची पिशवी मऊ बोलते, बिस्किटाचा पुडा तडतडतो. आईच्या जोडीची चिंगूमावशी पाठमोरी बसूनही चुकत नाही.

फाटक वीस पावलांवर होतं. मी आईला उचललं आणि तिच्या पदराचं टोक चुरगळलं.

"काय वाजीवतीस गं?" मावशी ओरडली. "कायबी ऐकू यीना!"

"काय आहे ते सांग, मावशी."

"शिकून हाताचा जोर गेला व्हय तुझा? जवळ ये की!"

मी चालू लागले. एक पाऊल टाकलं की फाटक दोन पावलं मागे जात होतं. म्हणून थांबले. घड्याळात पाचला सात मिनिटं कमी होती. मी आईचा खांदा चुरगळला. सोडल्यावर तिथे पांढऱ्या रेघा उमटल्या, त्या हाताने सारख्या करूनही गेल्या नाहीत.

"कॅरीबॅग हाय!" कुणीतरी म्हणालं.

"तुझं डोस्कं हाय कॅरीबॅग," मावशी म्हणाली. बायका हसल्या. "हौसा कुठं उलथलीया आज? तिनं एका दमात सांगितलं असतं."

आईचंच नाव, पण मला ते उच्चारायचं नव्हतं. दोन्ही दंड चुरगळले, मग छाती, मग पोट. आई सगळी पांढरी होत गेली. तिच्यातून पलीकडचं दिसेनासं झालं.

"गप बसा गं," मावशी अचानक म्हणाली.

कुलथ्यांनी पेनाचं टोपण काढलं. आत कोणीतरी गठ्ठ्यांचं यंत्र सुरू केलं.

"ह्यो आवाज वळखीचा हाय," मावशी म्हणाली. तिचा आवाज फार लांबून येत होता. "लई वळखीचा हाय. पर नीट यीना. आजून जोरात, पोरी. येकदाच."

चेहरा तेवढा उरला होता.

मी तो दोन्ही हातांत घेतला.