न थांबणारी चकरी

मित्रांनो, जरा पटापट ऐका. मला एका जागी फार वेळ बसवत नाही. मी एक जुनी चकरी आहे. मोठ्या हॉटेलात गोल टेबलाच्या मधोमध एक फिरती पाटी असते ना? तिच्यावर भाज्या ठेवतात आणि ज्याला जे हवं ते तो आपल्याकडे फिरवून घेतो. तीच मी. सध्या पांढुर्ण्याच्या एका हॉटेलामागे, रिकाम्या सिलिंडरांजवळ भिंतीला टेकून उभी आहे. या उभं राहण्याने माझा जीव नुसता कासावीस होतो.

माझा जन्म सौसरचा. पुंडलिकराव मिस्त्रींनी मला सागवानातून घडवलं आणि खाली बेअरिंग बसवलं. मग काठोकाठ भरलेला पाण्याचा गिलास माझ्यावर ठेवून एक गिरकी दिली. थेंबही सांडला नाही. "फिरत राय बाई," ते म्हणाले, "थांबली का लोक हात नाही लावत." ते बोलणं मी असं मनाला लावून घेतलं की विचारू नका.

हॉटेल भर बाजारात, वरच्या मजल्यावर. थंडगार हवा, पांढरेशुभ्र टेबलक्लॉथ, हळू आवाजात बोलणारे वेटर. पांढुर्णा जिल्हा झाला तशी साहेब लोकांची ये-जा वाढली. संत्र्याचे व्यापारी यायचे, नागपूरचे पाहुणे यायचे, आणि मी सगळ्यांपुढून फिरायची. लहान मुलं तर मला भिंगरीसारखी फिरवत आणि रायत्याची वाटी कुणाच्या तरी मांडीवर पालथी होई. बोलणी पोरांना बसत, कौतुक मात्र माझं होई. मी फुगले होते, खोटं कशाला बोलू?

पण मला पुसायचे ते फक्त वरून. सांडलेली डाळ, गुलाबजामचा पाक फटीतून खाली गळायचा आणि बेअरिंगमध्ये चिकटून बसायचा. तेलाचा थेंब कधी कुणी दिला नाही. मी कुरकुरायला लागले, मधेच अडायला लागले. एका सकाळी मॅनेजर साहेब वैतागून म्हणाले, "आता एकदा जरी अडली तर काढून फेका. नवीन काचेची आणू." झालं. त्या दिवशी कोणी हात लावला की वाटायचं, आता अडले तर संपलंच.

त्याच संध्याकाळी ती चौघं आली. तिगावच्या वत्सलाबाई, शाळेत पोरांचं मध्यान्ह भोजन रांधणाऱ्या. त्यांचे यजमान गुलाबराव, मुलगा संदीप आणि मुलगी पल्लवी. पल्लवीला नुकतीच नोकरी लागली होती आणि पहिल्या पगारात ती सगळ्यांना इथे घेऊन आली होती. बसल्याबसल्याच ती म्हणाली, "माय, आज तू पहिले जेवशील. गरम गरम. आमच्या आधी."

"हो हो," वत्सलाबाई म्हणाल्या. रोज असंच म्हणत असतील.

कोफ्त्याची वाफाळती हंडी आली, लोणी लावलेल्या रोट्या आल्या. पल्लवीने हंडी मुद्दाम आईपुढे ठेवायला लावली. वत्सलाबाईंनी काय करावं? मला फिरवलं. "घ्या जी तुम्ही." हंडी गुलाबरावांपुढे. त्यांचा हात सवयीने पुढे आलाच होता, तेवढ्यात पल्लवीने मला परत फिरवलं. वत्सलाबाईंनी लगेच संदीपकडे वळवलं. पल्लवीने पुन्हा आईकडे. मी इकडून तिकडे, तिकडून इकडे. आत पाक चिकटलेला, वर वाफ निवत चाललेली, आणि माझी भीती मलाच ठाऊक.

"काय करून राहिली माय? घे ना."

"घेतो ना. तुमचं होऊ दे."

"नेहमी तुमचं होऊ दे. तुले कधी गरम पोळी भेटली का, सांग बरं? तळची, वातड झालेली खात आली तू."

वत्सलाबाई तर उठून वाढायलाच लागल्या. वेटर धावत आला. "मॅडम, बसा, आम्ही वाढतो ना." तर त्यालाच विचारतात, "तू जेवला का बाबू?" बाजूच्या टेबलावरचे लोक हसले. पल्लवीचा चेहरा एवढासा झाला. तिला दुसरं काही नको होतं, आईने एकदा आधी जेवावं, एवढंच हवं होतं.

वत्सलाबाई खाली बसल्या आणि पुन्हा माझ्या कडेला हात घातला. हंडी त्यांच्यापुढेच होती. कर्र आवाज झाला आणि मी अडले.

त्यांनी ढकललं, संदीपने ढकललं. मीही जीव खाऊन जोर लावला, कारण उद्या मला फेकणार होते. मग माझं लक्ष पल्लवीकडे गेलं. ती हंडीकडे बघत होती, डोळे भरून आले होते. मी जोर लावणं सोडून दिलं. आधी अडले ती पाकामुळे, पण त्यानंतर अडून राहिले ती माझ्या मर्जीने.

वेटर रुमालाने हंडी उचलायला वाकला. गुलाबरावांनी त्याचा हात धरला. "राहू दे तिथंच." मग रोटीचा तुकडा तोडून त्यांनी बायकोच्या ताटात ठेवला. "घे. तूच घे पहिले."

वत्सलाबाईंनी सगळ्यांकडे बघितलं. घाईघाईत घास तोंडात घातला आणि एकदम तोंडावर हात धरला. "पोळलं न जी," त्या हसून म्हणाल्या. "सवय नाही न गरमची."

 गुलाबराव खाली मान घालून दुसरा तुकडा फुंकत होते. तोही त्यांनी तिच्याच ताटात ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी इथे आले. मित्रांनो, फिरणाऱ्या वस्तूला वेळेवर तेल द्या, एवढी विनवणी आहेच. पण मला इथे चैन पडू देत नाही ती वेगळीच गोष्ट. घरी गेल्यावर काय झालं असेल? वत्सलाबाई परत सगळ्यांच्या मागून जेवायला बसल्या असतील का? घरातल्या ताटांमध्ये चकरी नसते हो. तिथे अडायला कोणी नाही. तिथे तुम्हालाच आपला पुढे आलेला हात थांबवावा लागतो.