एक वाव दोर

तिसऱ्या हिसक्याला इंजिन सुरू करायचा दोर तुटला. लीटिया मूठ हातात धरूनच मागे बर्फावर बसली. यंत्राच्या पोटात काहीतरी गरगर फिरलं आणि थांबलं. मुठीला वीतभर दोर लोंबत होता, टोकाशी पिंजलेला. ती उठली नाही. हातमोजा काढलेल्या उजव्या हाताची बोटं शेंड्यांशी पांढरी पडली होती. तिने त्यातलं एक दातांखाली धरून पाहिलं. काही कळलं नाही, तेव्हा तिने हात पुन्हा मोज्यात घातला.

नोव्हेंबरपासून ही स्नोमोबाइल सुरू झाली नव्हती. शेवटची बंद केली ती तिच्या नवऱ्याने, अकुमालिकने. दुसऱ्या दिवशी तो छातीवर हात ठेवून विमानात चढला, दक्षिणेच्या हॉस्पिटलात गेला आणि आठ दिवसांनी पेटीतून परत आला. आता एप्रिल लागला होता. गाडीमागे स्लेज भरून तयार होती: तंबू, स्टोव्ह, रॉकेलचे डबे, कॅरिबूची कातडी, गळाची पेटी. तळ्यावरच्या झोपडीत बर्फ फुटेपर्यंत, म्हणजे जूनपर्यंत राहायचं, हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. पण स्लेजवर पिठाच्या दोन गोणी दिसल्यावर गावाला वेगळं सांगावं लागत नाही.

पलीकडच्या चौथ्या घराचं दार उघडलं आणि मुलाचं रडणं बर्फावरून थेट इथपर्यंत आलं. दार मिटल्यावर ते थांबलं. थोड्या वेळाने त्याच घरासमोरून मागे स्लेज ओढत एक स्नोमोबाइल निघाली आणि तिच्यापाशी येऊन उभी राहिली. जेपिटी, अकुमालिकचा धाकटा भाऊ, खाली उतरला. चर्चमधून आल्यावर त्याने कपडेही बदलले नव्हते. जाड कोटाखालून टाय दिसत होता.

"वहिनी, खाली बसून गाडीची समजूत काढतेस का?"

"दोर तुटला."

"तुटणारच. तीन वर्षं ऐकत होतो, उद्या बदलतो, उद्या बदलतो."

लीटिया उठली आणि पाठीमागचा बर्फ झटकू लागली.

"तुझ्याकडे आहे का एखादा?"

जेपिटीने मिशांवरचा बर्फ पुसला. "नाही. आणि आज रविवार, दुकान बंद."

"स्लेज बांधायचा देते."

"तो जाड. भोकातून जायचा नाही." त्याने तिच्या घराच्या अर्धवट उघड्या दाराकडे बोट केलं. "तो चालेल."

दारातल्या खिळ्याला सील मारायच्या भाल्याचा दोर टांगलेला होता. पांढरा, बारीक विणीचा, एकसारख्या वेटोळ्यांचा. शेवटचा वेढा अकुमालिकच्या पद्धतीने दोनदा पिळून आत खोवलेला. पाच महिने त्याच्या दोन्ही बाजूंच्या खिळ्यांवर कोट चढले आणि उतरले. मधल्या खिळ्याला लीटियाचा हात लागला नव्हता.

"तो नको," ती म्हणाली.

"का नको? थंडीत कडक होत नाही. एक वाव, दोन हात पसरून भरेल एवढा, घेतलास तर भाल्याला काही कमी पडत नाही."

"मग तूच काप."

"मी? माझा आहे का तो?" जेपिटी गाडीचं झाकण उचलत होता, त्याने वर पाहिलं नाही. "ज्याचा आहे त्याला विचार. घरीच आहे दादा. रात्रभर जागा होता, आम्हालाही झोपू दिलं नाही."

दादा म्हणजे जेपिटीची नात. अकुमालिकला पुरून चार आठवडे झाले असतील, तेव्हा जेपिटीच्या मुलीला, नापाचीला, ती झाली. गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईने तिचं तोंड पाहिलं आणि तिला अकुमालिकचं नाव दिलं. नावाबरोबर माणूसही परत येतो, म्हणून मुलगा की मुलगी हे कुणी विचारलं नाही; ते कधीच विचारत नाहीत. त्या दिवसापासून जेपिटी नातीला दादा म्हणू लागला, नापाची पोटच्या पोरीला काका म्हणू लागली, आणि अकुमालिकचा शिकारीतला जोडीदार येऊन पाळण्याशी गेल्या वर्षीच्या एका अस्वलावरून वाद घालून गेला. आली नव्हती ती एकटी लीटिया. मूल रडायचं. दूध पिऊन रडायचं, कोरडं करून रडायचं. नर्सने तपासून काही नाही म्हणून सांगितलं. म्हाताऱ्या बायकांना तपासायची गरजच वाटली नाही. नाव मिळालं, पण ज्या तोंडाने हाक मारायला हवी ते तोंड आलं नाही, असं त्या म्हणत. आणि लीटिया दुकानात शिरली की पिठाच्या भावाविषयी बोलू लागत.

"मी हे खोलतो तोवर," जेपिटी म्हणाला. त्याने पाना बोल्टवर बसवला. "चारच घरं आहेत."

लीटियाने तुटकी मूठ गाडीच्या सीटवर ठेवली. मग दारात गेली, वेटोळं खिळ्यावरून काढलं आणि कोपरात अडकवून चालू लागली.

आत उकडत होतं. जमिनीवर पुठ्ठा पसरलेला, त्यावर गोठलेल्या माशाचा अर्धा तुकडा आणि बायका वापरतात ती अर्धगोल सुरी. नापाची मूल पाठीवर घेऊन, कोटाच्या मोठ्या टोपीत बसवून, खोलीभर झुलत चालत होती. टोपीतून रडणं येत होतं; त्यात राग नव्हता, थकवा होता.

"काकू," नापाची म्हणाली आणि थांबली. मग काहीच विशेष नसल्यासारखी पुन्हा झुलू लागली. "बघ रे काका, बायको आली तुझी. चार घरं चालायला हिला हिवाळा लागला."

लीटिया दारातच उभी राहिली. बूट काढले नाहीत.

"मी बसत नाही. त्याच्या गाडीचा दोर तुटलाय."

"मग त्यालाच सांग. मला गाडीतलं काय कळतं."

नापाचीने अंगाला एक हिसका दिला, हात मागे घातला आणि मूल पुढे काढलं. लाल झालेलं तोंड, वाहतं नाक, डोक्याला घामाने चिकटलेलं जावळ. लीटियाने त्या चेहऱ्याकडे पाहिलं. नाक त्याचं नव्हतं. कानही नव्हते. ती थोडी थांबली, जसं माणूस बर्फातल्या भोकापाशी सीलसाठी थांबतो, पाणी हलतं का बघत. काही हललं नाही. मूल रडत होतं, भिंतीवरचं घड्याळ चाललं होतं. आलोच आहोत तर विचारावं, एवढंच तिला वाटलं.

"म्हाताऱ्या," ती म्हणाली. नवऱ्याला ती लग्नाच्या वर्षापासून म्हातारा म्हणत आली होती, तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. "दोर तुटलाय. जेपिटी म्हणतो ह्यातला एक वाव घ्यावा. घेऊ का?"

तिने वेटोळं पुढे धरलं. पिळलेला वेढा सुटून दोराचं टोक खाली लोंबलं आणि मुलीच्या मुठीवर आपटलं. मूठ उघडली, मिटली. टोक तोंडात गेलं. रडणं थांबलं नाही, दोराभोवतून गुरगुरत येत राहिलं.

अकुमालिक असाच होता. दोन्ही हात सीलमध्ये गुंतले की दोर दातात धरायचा. गाठ सोडवायची तर दातांनी, आवळायची तर दातांनी. चाळीस वर्षं.

"सोड तो. दात पडतील तुझे."

बोलून झाल्यावर लीटियाला ते ऐकू आलं.

"आहेत कुठे?" नापाची म्हणाली.

कुणी हसलं नाही. मग नापाचीच थोडं हसली. लीटियाने दोर ओढून पाहिला. पलीकडून तो ओढला गेला, अपेक्षेपेक्षा जोराने. ती उकिडवी बसली आणि दोर सैल धरून तशीच राहिली. बुटांखालचा बर्फ वितळून जमिनीवर पसरला. मूल मधूनच रडत होतं, मधूनच चावत होतं.

"मासा घे," नापाची म्हणाली.

लीटियाने सुरी उचलून एक पातळ काप काढला आणि खाल्ला. मग आणखी एक.

ती परत आली तेव्हा जेपिटीने यंत्राची बाजू खोलून कप्पी मांडीवर घेतली होती. जुन्या दोराची गाठ त्याने काढून बर्फावर ठेवली होती.

"बराच वेळ बोलत होता."

"हं."

"काय म्हणाला दादा?"

"एकच वाव घे म्हणाला. चिकट तो चिकटच."

जेपिटीने मान हलवली. लीटियाने दोन्ही हात पसरून दोर मापला आणि कापला. जेपिटीने कप्पी उलटी फिरवून स्प्रिंग ताणली आणि पकडीने अडवून धरली. मग हनुवटीने आपल्या गाडीकडे खूण केली.

"स्लेजवर पेटीत लायटर आहे. टोक वितळवावं लागेल, नाहीतर पिंजून भोकात शिरायचं नाही."

ती त्याच्या स्लेजपाशी गेली. ताडपत्री उचलली. पेटीवर नव्या दोराचं भेंडोळं होतं, कागदाच्या पट्ट्यासकट. निळा, बारीक, ह्याच जाडीचा. तिने ते बाजूला केलं नाही. ताडपत्री खाली सोडली आणि रिकाम्या हाताने परत आली.

"सापडला नाही?"

"लागणार नाही."

तिने दोराचं टोक पुढे केलं. चावून ओलं झालेलं ते चार घरांच्या वाटेत गोठून सुईसारखं ताठ झालं होतं. ते भोकातून सरळ आत गेलं, कप्पीतून पलीकडे निघालं. जेपिटीने त्याला गाठ मारली आणि पकड सैल केली. स्प्रिंगने दोर आत ओढून घेतला. लीटियाने दुसरं टोक मुठीत ओवलं.

"ओढ."

पहिल्या हिसक्याला नुसता खोकला. चौथ्याला इंजिन लागलं, निळा धूर बर्फावर लोळला. बोटांच्या शेंड्यांना आता ठणका लागला होता. तिने हात काखेत दाबून धरला.

"निघतेस?" जेपिटीने विचारलं.

लीटियाने उरलेल्या दोराचं वेटोळं केलं, शेवटचा वेढा दोनदा पिळून आत खोवला आणि जेपिटीच्या स्लेजपाशी गेली. ताडपत्री उचलून तिने ते निळ्या भेंडोळ्यावर ठेवलं आणि ताडपत्री बांधून टाकली, घट्ट, दोन गाठींनी.

"घरी ने. त्याला दिसेल असा टांग."

जेपिटी त्या दोन गाठींकडे बघत होता. मग तो टाय कोटात खुपसू लागला.

तिने स्वतःच्या स्लेजवरची पिठाची एक गोणी सोडवली, उचलून आपल्या घराच्या दाराआत ठेवली आणि गाडीवर बसली.

"नापाचीला सांग, शनिवारी येते. मासे आणते."

"शनिवारी," जेपिटी म्हणाला. "कुठल्या वेळी? तो विचारेल."